लिलाव खेळाडूंचा, वाटा कोणाचा?

प्रो कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव जवळ आला की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक निराळीच उत्कंठा पसरते. पारावर, दूध संकलन केंद्रापुढच्या रांगेत, उसाच्या ट्रॅक्टरभोवती एकच विषय निघतो. आपल्या भागातला तो तरुण चढाईपटू यंदा पुणेरी पलटणच्या हाती लागेल काय? पुण्याने सोडला तर निदान यू मुंबा तरी त्याला घेईल काय? की तो पाटण्याला अथवा हैदराबादला जाईल आणि बालेवाडीच्या सामन्यात आपल्याच पोराची पकड व्हावी म्हणून ओरडण्याची पाळी येईल? या दोन जिल्ह्यांना लीगमध्ये स्वतःचा संघ नाही. तरीही पुण्याचा संघ तो आपला, अशी भावना कृष्णा-कोयनेच्या काठी रुजली आहे; आणि त्या संघात आपल्या मातीतला एखादा पोरगा असावा, ही इच्छा तिच्याच पोटी जन्मलेली आहे.

चळवळीतील काही मंडळी या उत्कंठेकडे तुच्छतेने पाहतात. त्यांच्या मते हा सारा दूरचित्रवाणीने लावलेला चाळा आहे. बेकारी, पाणीटंचाई आणि उसाची थकलेली बिले यांवरून तरुणांचे लक्ष उडवण्यासाठी धनिकांनी पसरलेले मायाजाल आहे. ही टीका वरवर क्रांतिकारक वाटते. वस्तुतः ती आळशी आहे. ज्या पोराला गावाने शाळेच्या पटांगणात गुडघे फोडून घेताना पाहिले, त्याला हजारो प्रेक्षकांसमोर खेळताना पाहावे असे गावाला वाटले तर त्यात भ्रम कोणता? श्रमाला मान मिळावा ही समाजवादाची पहिली मागणी. गाव आपल्या पोराच्या श्रमाला मान मागत असेल, तर समाजवाद्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. दोष या आशेत नाही. ज्या व्यवस्थेच्या दारात ही आशा ताटकळत उभी आहे, त्या व्यवस्थेत आहे. त्या व्यवस्थेत खेळाडू घडवणाऱ्या गावाला मत नाही, वाटा नाही आणि हिशेब मागण्याचा अधिकारही नाही. चर्चा व्हायला हवी ती याची.

राजाश्रय, लोकाश्रय आणि आता

या भागाने देशाला खेळाडू दिले ते काही आजच नव्हे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालचा, सांगलीचा. त्यांच्या तरुणपणी गुणी खेळाडूचा आश्रयदाता म्हणजे संस्थानिक. जतच्या राजांनी ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला प्रशिक्षणासाठी आणले होते आणि त्याच्या मार्गदर्शनाचा लाभ हजारे यांना झाला. त्यांची पुढची कारकीर्द देवास आणि बडोदे या संस्थानांच्या छत्राखाली घडली. हा राजाश्रय होता. त्यात गुणांची पारख होती, नाही असे नाही. पण पारख करणाऱ्याची मर्जी हाच तेथला कायदा होता.

कराडजवळच्या गोळेश्वरची कथा याहून वेगळी आहे. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या खर्चाचा भार उचलला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तोवर संस्थाने विलीन झाली होती आणि स्वतंत्र देशाच्या शासनाकडून पुरेशी मदत मिळेना. मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परतल्यावर याच मल्लाने कुस्त्यांची मैदाने मारून मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. गावाने खेळाडूत भांडवल गुंतवले आणि खेळाडूने ते स्वतःच्या घामाने फेडले, इतका सरळ आणि इतका करुण हा हिशेब होता. शासनाची जागा त्यात जवळजवळ रिकामीच राहिली. पुढे पोलीस खात्यात नोकरी केलेल्या खाशाबांचा १९८४ मध्ये अपघाती मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

कबड्डीचा इतिहास तर सर्वस्वी अशा लोकाश्रयाचाच आहे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून सामने भरवले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. या प्रवासाचा भार वाहिला तो गावोगावच्या व्यायाम मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, शाळांतील क्रीडाशिक्षकांनी आणि राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी. सेवा दलाच्या शाखेवर हुतूतूचे मैदान आखले जाई तेव्हा चुन्याच्या त्या रेषेआत जातीला प्रवेश नसे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्याला शिवू नये असे गाव म्हणे, त्याला शिवल्याखेरीज या खेळात गुणच मिळत नाही. समाजवाद्यांनी हा खेळ जवळ केला तो काही केवळ त्याला खर्च कमी लागतो म्हणून नव्हे.

जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या इतिहासात तिसरे पर्व उघडले. राजाश्रय गेला, लोकाश्रय अपुरा पडला, त्यांच्या जागी भांडवलाश्रय आला. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्‌स या कंपनीतील ७४ टक्के हिस्सा २०१५ मध्ये स्टार इंडिया या प्रक्षेपण कंपनीने घेतला. २०१७ मध्ये संघांची संख्या १२ झाली आणि अदानी, जिंदाल, जीएमआर असे मोठे उद्योगसमूह संघमालक म्हणून मैदानात उतरले. मातीच्या जागी मॅट आली, उघड्या आकाशाच्या जागी दिव्यांचा झगमगाट आला. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. मॅटवर पडल्याने हाड मोडायचे वाचते. गरिबाच्या खेळाने गरीबच राहिले पाहिजे, असे कोठल्याही समाजवादी ग्रंथात लिहिलेले नाही.

सांगलीचा सौदा आणि लीगचा सौदा

लिलाव हा शब्द सांगलीकराला नवा नाही. सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीचे सौदे देशभर प्रसिद्ध आहेत. त्या सौद्यात हजार खोटी निघतील. हमाली, तोलाई, अडत यांच्या कात्रीत शेतकरी कसा कातरला जातो, यावर शेतकरी चळवळीने रक्त आटवले आहे. तरीही त्या सौद्यात ज्याने हळद पिकवली तो शेतकरी आपल्या ढिगाशेजारी उभा राहू शकतो, भाव न पटल्यास माल मागे घेऊ शकतो, आणि संध्याकाळी पट्टी घेऊन गावी जातो. उसाचेही तसेच. ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत किमान भाव चुकता झाला पाहिजे, असा कायदा आहे. तो पाळला जात नाही म्हणून रस्ते अडवावे लागतात हे खरे. पण निदान रस्ते अडवायला कायद्याचा आधार आहे.

खेळाडूंच्या लिलावात यांपैकी काय आहे? ज्या मंडळाने तो खेळाडू बाराव्या वर्षापासून घडवला, ते मंडळ तेथे हजर नसते. बोलीतून त्या मंडळाला ठरावीक वाटा मिळावा असा नियम लीगमध्ये नाही. आणि ज्याच्यावर बोली लागते तो खेळाडू स्वतः, 'मला पुण्याकडूनच खेळायचे आहे' असे म्हणू शकत नाही. हातोडा ज्याच्या बाजूने पडेल तो त्याचा मालक. चाहत्यांनी नवस बोलावेत, समाजमाध्यमांवर विनवण्या कराव्यात. त्यांच्या इच्छेला त्या दालनात जागा नाही. हळद पिकवणाऱ्याला पट्टी मिळते, माणूस घडवणाऱ्याला टाळ्या मिळतात. हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे.

आता आकड्यांकडे वळावे. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमार या खेळाडूवर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत याला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. नऊ वर्षांत वीसपट वाढ! हे पाहून डोळे दिपतात, आणि दिपावेत म्हणूनच हे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी एका खेळाडूच्या बोलीकडे पाहत नाही; तो एकूण उत्पन्नातील श्रमाच्या वाट्याकडे पाहतो. २०२३ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ५ कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. बारा संघ धरले तर साऱ्या खेळाडूंचे मिळून ६० कोटी. याच काळातील प्रक्षेपणाचे हक्क २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी ९०८ कोटी ७० लाखांना विकले गेले होते. म्हणजे वर्षाला सुमारे १८२ कोटी. प्रायोजकांचा, तिकिटांचा पैसा बाजूला ठेवला तरी केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तोलता खेळाडूंच्या मजुरीची कमाल मर्यादा एक तृतीयांशाच्या आसपास भरते. शिवाय हक्क विकणाऱ्या कंपनीत बहुमत स्टारचे आणि हक्क विकत घेणारीही स्टारच. उजव्या हाताने विकायचे आणि डाव्या हाताने घ्यायचे, असा हा व्यवहार. त्या किमतीची बाहेरच्या कोणी काय परीक्षा करावी?

पाच कोटींची ही कमाल मर्यादा म्हणजे तरी काय? सर्व संघ तुल्यबळ राहावेत म्हणून ती आवश्यक आहे, असे सांगितले जाते; त्यात तथ्य आहेच. पण तिची दुसरी बाजू अशी की, देशातील सर्व मोठे खरेदीदार एका टेबलाभोवती बसून मजुरीवर इतक्याहून अधिक खर्च करायचा नाही, असे ठरवतात. एका तालुक्यातील साखर कारखान्यांनी उसाच्या भावाबाबत असे ठरवले तर त्याला संगनमत म्हणतात. येथे त्याला लीगचे नियम म्हणतात.

'खेळाडूला पैसे मिळतात ना?'

यावर ठेवणीतला प्रश्न असा : पूर्वी कबड्डी खेळून पोरांच्या हाती काय पडत होते? एखादा चषक, एखादे प्रमाणपत्र आणि नशीब असेल तर पोलीस, रेल्वे अथवा बँकेतील नोकरी. आज लिलावातील सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमतसुद्धा ९ लाखांवर गेली आहे. सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके पहिल्याच हंगामात दिल्लीच्या संघातून देशाला माहीत झाला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. कष्टकऱ्यांच्या पोरांना एवढा पैसा मिळत असता समाजवाद्यांच्या पोटात का दुखावे?

दुखण्याचे कारण नाही आणि दुखतही नाही. या पोरांना मिळणारा प्रत्येक रुपया त्यांच्या फुप्फुसांची आणि गुडघ्यांची कमाई आहे; तो त्यांनी मोजून घ्यावा, जास्तच मागावा. मुद्दा असा की, वर गेलेल्या एका पोराचा आकडा दाखवून खाली राहिलेल्या शंभरांचा हिशेब दडवला जातो. मंडळात संध्याकाळी शंभर पोरे सरावाला येतात. त्यांतील एखादा लीगपर्यंत पोहोचतो. कोण पोहोचेल हे आरंभी कोणालाच माहीत नसते. म्हणून मंडळाला शंभर जणांसाठी दिवे लावावे लागतात, शंभर जणांच्या जखमांना पट्ट्या बांधाव्या लागतात. संघमालक म्हणतात, आम्ही जोखीम उचलतो, म्हणून नफा आमचा. जोखीम खरोखर कोण उचलतो? मालक तयार झालेल्या खेळाडूवर बोली लावतो. न पोहोचलेल्या नव्व्याण्णवांचा खर्च गाव सोसते. कॉलेज सुटलेला, खांदा निखळलेला, बावीस-तेविसाव्या वर्षी पुन्हा उसाच्या फडात परतलेला पोरगाही गावच सांभाळते. जोखीम सार्वजनिक आणि नफा खाजगी, ही भांडवलशाहीची जुनीच रीत येथे कबड्डीच्या चड्डीत उभी आहे, इतकेच.

सार्वजनिक खर्चाचे म्हणाल तर पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत देशाकडून उतरला, तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीत धावली. जिल्हा परिषदेची शाळा, तिचे पटांगण, तिचा शिक्षक ही सारी जनतेच्या पैशाची गुंतवणूक आहे. कबड्डीपटूंना वर्षानुवर्षे पोटाला लावले तेही सार्वजनिक उद्योगांनी. एअर इंडियाच्या संघाचा दबदबा कबड्डीच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक आहे. ती कंपनी २०२२ मध्ये टाटा समूहाच्या हाती गेली. एकीकडे नोकरी देणारे सार्वजनिक क्षेत्र मोडीत काढायचे आणि दुसरीकडे तीन-चार महिन्यांच्या करारालाच खेळाडूंचा उद्धार म्हणायचे, ही चलाखी ओळखली पाहिजे. करार संपला, गुडघा गेला, की खेळाडूचे पुढे काय, या प्रश्नाला लिलावाच्या दालनात उत्तर नाही.

आणि मुलींचे काय? २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डीची एक छोटी स्पर्धा लीगने दाखवली आणि ती त्याच वर्षी संपली. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला २०२३ च्या क्रिकेट लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. त्याच वर्षी सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. या मातीत मुली कमी पडत नाहीत. कबड्डी खेळणाऱ्या मुलींना मात्र विकले जाण्याचेसुद्धा दार उघडे नाही. बाजाराला सर्व समान असतात म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पाच टक्क्यांचा न्याय

मग करायचे काय? लीग बंद करा, अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही. मागणी साधी आहे. प्रत्येक खेळाडूच्या बोलीच्या पाच टक्के इतकी रक्कम संघमालकाने वेगळी द्यावी. खेळाडूच्या मानधनातून एक पैसाही कापू नये. आणि ती रक्कम तो खेळाडू बाराव्या वर्षापासून ज्या मंडळांत आणि शाळांत घडला त्यांना, त्याने तेथे घालवलेल्या वर्षांच्या प्रमाणात मिळावी.

हा काही समाजवाद्यांच्या डोक्यातून निघालेला आकाशकुसुमाचा वेल नव्हे. फुटबॉलचे जग हे भांडवलशाहीचे माहेरघर. तेथेही फिफा या जागतिक संघटनेने २००१ पासून असाच नियम केला आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबाकडे पैसे मोजून नेला गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के त्याला वयाच्या बारा ते तेवीस वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना द्यावे लागतात. त्या नियमाचे नावच 'ऐक्य निधी' अशा अर्थाचे आहे. जे युरोपातील अब्जाधीशांना परवडते, ते अदानी-जिंदालांना परवडू नये?

साठ कोटींवर पाच टक्के म्हणजे वर्षाला तीन कोटी. ९ लाखांच्या खेळाडूमागे ४५ हजार. दीड कोटीच्या खेळाडूमागे साडेसात लाख. मालकाच्या ताळेबंदात ही रक्कम कदाचित सापडणारही नाही. गावच्या मंडळाला मात्र तेवढ्यात पटांगणावर दिवे लागतात, पोरांचा विमा उतरतो, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली बांधून होते.

यावर आक्षेप असा येईल की, पैसा आला की गावचे पुढारीच तो खातील. ज्यांनी कधी मैदानावर पाय ठेवला नाही अशी मंडळे रातोरात उगवतील. आक्षेप खोटा नाही. या दोन जिल्ह्यांत सहकाराचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो अधिकच पटेल. साहेबांच्या वाढदिवसाच्या कबड्डी स्पर्धांचे फलक ज्यांनी वाचले आहेत त्यांना क्रीडाप्रेम आणि मतप्रेम यांतील फरकही कळतो. पण उपाय आहे. खेळाडूंची नोंदणी जिल्हा संघटनेकडे मंडळाच्या नावाने होतेच. ती नोंद उघडी करावी, आणि आलेल्या पैशाचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचावा. चोरी होईल म्हणून मजुरीच देऊ नये, हा न्याय जगात कोठे नाही.

खेळाच्या संघटनांकडून हे आपोआप होईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. कबड्डीच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपद पाव शतकाहून अधिक काळ एकाच व्यक्तीकडे होते आणि नंतर ते त्यांच्या पत्नीकडे गेले. अखेर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ती निवड रद्द करून प्रशासक नेमावा लागला. घराण्यांच्या ताब्यातील संघटना आणि समूहांच्या ताब्यातील लीग या दोहोंच्या मध्ये खेळाडू आणि गाव भरडले जातात. दाब आणायचा तर तो लोकांनीच आणला पाहिजे.

तो आणण्याची जागाही आहे. पुणेरी पलटणचे सामने बालेवाडीत झालेले आहेत. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल कोणा मालकाने बांधलेले नाही. १९९४ मध्ये ते जनतेच्या पैशाने उभे राहिले. जनतेचे मैदान भाड्याने देताना जनतेच्या सरकारने अट घालावी : घडवणाऱ्या मंडळांचा वाटा दिल्याचा दाखला आणा, मग दिवे लावा. यासाठी संसदेचा कायदा लागत नाही, राज्य शासनाचा एक निर्णय पुरतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवणाऱ्या राज्याला खेळाडू घडवणाऱ्यांसाठी पाच टक्के मागता येऊ नयेत, हे पटण्याजोगे नाही.

चाहता : गिऱ्हाईक की सभासद?

शेवटचा प्रश्न चाहत्याचा. त्याच्या आशेवर हा सारा डोलारा उभा आहे. तो पाहतो म्हणून प्रक्षेपणाला किंमत, तो ओरडतो म्हणून जाहिरातीला भाव. त्याच्या जाणकारीलाही धंद्याने सोडले नाही. काल्पनिक संघ रचून पैसे लावण्याचा नाद लावून अनेक तरुणांचे खिसे रिकामे केले गेले, तेव्हा कोठे २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. असा हा चाहता लीगच्या लेखी केवळ गिऱ्हाईक आहे.

हे असेच असावे लागते काय? ऑस्ट्रेलियात मेलबर्न परिसरात तेथला स्वतःचा असा एक फुटबॉल खेळला जातो. तेथील चाहतेही वाळव्याच्या चाहत्यांसारखेच दरवर्षी तरुण खेळाडूंच्या निवडीकडे डोळे लावून बसतात. परंतु तेथे १९८६ पासून नवोदितांची निवड बोली लावून होत नाही. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पसंती मिळते. आणि तेथील अनेक क्लब चाहत्यांच्या वार्षिक वर्गणीवर उभे आहेत. वर्गणीदार हा क्लबाचा सभासद असतो, कार्यकारिणीसाठी मत देतो. १९८९ मध्ये फुटस्क्रे या कामगारवस्तीतील कर्जबाजारी क्लबाचे दुसऱ्या क्लबात विलीनीकरण करण्याचा घाट लीगच्या सूत्रधारांनी घातला. तेथील सामान्य माणसांनी डबे घेऊन दारोदार वर्गणी गोळा केली आणि तो डाव उधळला. त्याच क्लबाने २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले. त्या देशातही पैशाची सत्ता आहे, जाहिरातदारांचा धुमाकूळ आहे. स्वर्ग तेथेही उतरलेला नाही. तरीही सभासद आणि गिऱ्हाईक यांतील अंतर फुटस्क्रेच्या माणसाने करून दाखवले. गोळेश्वरच्या वर्गणीदारांना ते समजावून सांगावे लागले नसते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे यातून तीन कामे उभी राहतात. पहिले, आपापल्या तालुक्यातील कबड्डी मंडळांची वही तयार करणे : मंडळ कोणत्या वर्षी निघाले, मैदान कोणाच्या जागेवर आहे, शिकवतो कोण, पदरचा खर्च किती, कोणकोणते खेळाडू वर गेले आणि कोण जायबंदी होऊन परतले. हा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही. तो मांडला की मागणीला पाय फुटतात. दुसरे, पाच टक्के वाट्याचा, खेळाडूंच्या दुखापत विम्याचा आणि महिला लीगचा ठराव ग्रामसभांतून संमत करून तो क्रीडामंत्र्यांकडे आणि राज्य कबड्डी संघटनेकडे धाडणे. तिसरे आणि सर्वांत अवघड, ज्या मैदानांवरून चळवळ उठून गेली त्या मैदानांवर पुन्हा जाणे. शाखा उठल्या त्या जागी आज फलकबाज पुढारी बसले आहेत. त्यांना हटवायचे तर संध्याकाळी सहा वाजता हाती चुना घेऊन तेथे कोणीतरी हजर असले पाहिजे.

लिलाव दरवर्षी होणारच आहे. सातारा-सांगलीची पोरे त्यात उभी राहणारच आहेत, आणि ती पुण्याच्या संघात यावीत म्हणून गावे देव पाण्यात घालणारच आहेत. ती खुशाल घालावीत. मात्र पोराच्या नावावर हातोडा पडेल तेव्हा गावाने टाळ्या वाजवून घरी जाऊ नये, पट्टी मागावी.